पहाटेचा गारवा की दहाचं ऊन?

पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी मे महिन्यात धावायचं कधी, हा जळगाव-भुसावळच्या पोरांचा घोळ. वेग पहाटेच वाढतो. उन्हात पाय लवकर जड होतात. उन्हाची सवय मात्र पहाटे लागत नाही. रोज तासभर उन्हात घाम गाळला तर ७ ते १४ दिवसांत रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. बनियनवरचे पांढरे डाग फिके पडतात, तीच खूण. महिनाभर खंड पडला की कमाई गेली.

धोकाही उन्हाचाच. पहिल्या दिवशी २० मिनिटं, तीही चालत. बोलणं अडखळलं तर सावली, अंगावर पाणी आणि लगेच दवाखाना.

चाचणी थंडीत असेल तर पहाट पुरे. उन्हाळ्यात असेल तर शेवटचे दोन आठवडे दहाचं ऊन घ्या.