भोरड्यांसाठी दोन खरेद्या: एक खोक्यातली, एक जत्रेतली

शाळू पोसायला लागला की खटावकडच्या आमच्या रानात भोरड्या, म्हणजे दाणे टिपणाऱ्या पाखरांचे थवे, उतरतात. यंदा मामांची, म्हणजे सासऱ्यांची, जुनी गोफण उंदरांनी कुरतडलेली निघाली. मी साताऱ्यात दवाखान्यात बसल्या बसल्या मोबाईलवरून 349 रुपयांचा ‘कॅटपल्ट’ मागवला.

नाव ऐकून चुलत सासरे खूश. ते नौदलातून निवृत्त झालेले. त्यांच्या लेखी कॅटपल्ट म्हणजे 1961 साली आलेल्या विक्रांतवरचं, वाफेच्या जोरावर विमान उडवून देणारं यंत्र. मुलाला वाटलं, किल्ल्यावर धोंडे फेकणारं लाकडी धूड येणार, त्याच्या गेममध्ये असतं तसं. खोक्यातून निघाली बेचकी!

तशी दुकानदाराची चूक नाही, इंग्रजीत बेचकीलाही कॅटपल्टच म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, त्यात ‘जोरानं फेकणं’ आहे. इसवी सनापूर्वी 399 च्या सुमारास सिसिलीतल्या सिराक्यूज या ग्रीक नगरात बनवलेली यंत्रं बाण सोडायची, धोंडे नंतर आले. खोक्यावर हिंदीत ‘गुलेल’ लिहिलेलं. तो आपल्या गलोलीचा भाऊ, फारसीतून आलेला, त्यात गोळी लपलीय. जुनी गलोल म्हणजे धनुष्यच असायचं, दोन दोऱ्यांच्या मधे चिंधी आणि तिच्यात मातीची गोळी. ताणलं जाणारं टिकाऊ रबर एकोणिसाव्या शतकातलं, अमेरिकन संशोधक गुडइयरचं पेटंट 1844 चं. त्याआधी बेचकीला ताण कोण देणार? आपलं नाव मला सगळ्यात सरळ वाटतं. फांदीला दोन फाटे फुटतात ते बेचकं, त्याची बेचकी.

आता माल. मूठ प्लॅस्टिकची, पण हातात बसते. रबर तिसऱ्या दिवशी फाट्यापाशी चिरलं आणि सटकन माझ्या अंगठ्यावर बसलं. सोबतच्या लोखंडी गोळ्या मी कपाटात कुलपात टाकल्यात. डोळ्याला लागलेली गोळी काय करते ते इंटर्नशिपमध्ये पाहिलंय. आणि मुख्य म्हणजे ही वस्तू मुकी आहे. खडा जातो, एखादं पाखरू दचकतं, बाकीचा थवा निवांत दाणे टिपतो. आम्हाला पाखरं मारायची नव्हती, उठवायची होती.

मग पुसेगावच्या जत्रेत गेलो. बैलबाजाराच्या कडेला कासरे, म्होरक्या, घुंगुरमाळा मांडलेल्या एका पालावर 120 रुपयांना गोफण मिळाली. विकणारा म्हणाला, अस्सल अंबाडी. घरी आल्यावर मामांनी एक धागा काडीनं पेटवून बघितला, तो वितळून गोळा झाला. म्हणजे निम्मं नायलॉन. बोटात अडकवायचा फासाही लहान, तो सोडून परत बांधावा लागला. तरी मधली पट्टी घट्ट विणलेली, खडा घसरत नाही. सुटं टोक मामांनी उसवून त्याचा झुबका केला, कारण फटका तिथंच वाजतो. खडा कुठंही पडो, त्या आवाजानं अख्खा थवा उठतो.

“सूनबाई, मनगट न्हाई, खांद्यातनं फिरव,” असं मामा सांगत होते. माझा पहिला खडा मागच्या बांधावर गेला, दुसरा जेमतेम पुढं पडला. दहा-बारा दिवसांनी जमायला लागलं. ज्याला पहिल्याच दिवशी नेम हवा असेल त्यानं घेऊ नये.

रानातल्या राखणीच्या माळ्यावर बसल्या बसल्या मी मामांना सांगितलं की ही आमच्या अभ्यासातही आहे. आयुर्वेदातल्या सुश्रुतानं त्याच्या संहितेच्या सूत्रस्थान या भागात पट्ट्या बांधायचे चौदा प्रकार दिलेत, त्यातला एक ‘गोफणा’. हनुवटी, नाक, ओठ असल्या ठिकाणी बांधायचा. मधे रुंद, दोन्हीकडं शेपट्या, हुबेहूब ही. बीएएमएसच्या परीक्षेसाठी यादी घोकली होती, पण गोफण हातात धरल्यावर बंध कळला. मामांचं मत, ‘गो’ म्हणजे गाय, गुराख्यांची वस्तू ती. तरी गोफण त्यांनी हनुवटीखाली धरून बघितली. “बसतीय की!”

तर गोफण घ्या, पण धागा पेटवून बघूनच. बेचकीचं उरलेलं रबर मुलानं दप्तराला बांधलंय. भोरड्यांचा बंदोबस्त झाला, राघू मात्र फटक्याला सरावलेत. चार-पाच जण रोज सकाळी वरच्या कोपऱ्यात येतात.