अपडेटने ब्राउझर कोरा केला तर आधार कशाचा: सिंक की प्रोफाइलची प्रत?

अपडेट फसून बुकमार्क, पासवर्ड, उघडे टॅब सगळं एका फटक्यात गायब झालं की सल्ले साधारण दोनच मिळतात. कोणी म्हणतं, खात्यात लॉग-इन करून सिंक, म्हणजे ब्राउझरमधला डेटा सर्व्हरवर आणि आपल्या इतर डिव्हाइसवर सारखा ठेवणारी सोय, चालू ठेवायला हवं होतं. कोणी म्हणतं, प्रोफाइल फोल्डरची, म्हणजे ब्राउझर हा सगळा डेटा कॉम्प्युटरवर ज्या फोल्डरमध्ये ठेवतो त्याची, प्रत काढून ठेवायला हवी होती. मी दोन्ही बरीच वर्षं वापरतोय आणि दोन्हींचा उपयोग झालाय. पण 'दोन्हीपैकी एक असलं म्हणजे झालं' या समजुतीने निवड करणाऱ्यांचं हमखास नुकसान होतं, कारण दोन्हींचं काम एक नाही. तुम्ही आत्ता हे ठरवत असाल तर माझा कौल कुठे आणि का पडला ते सांगतो. तुमची गरज वेगळी असू शकते.

त्याआधी एक गोष्ट. ब्राउझर कोरा उघडला म्हणजे डेटा गेलाच, असं नसतं. कित्येकदा डेटा डिस्कवर जागच्या जागी असतो आणि ब्राउझरने फक्त दुसरं प्रोफाइल उघडलेलं असतं. मे २०१९ मध्ये फायरफॉक्सची ६७ वी आवृत्ती आली. तेव्हापासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतंत्र प्रोफाइल मिळतं, त्यामुळे एकाच कॉम्प्युटरवर दोन फायरफॉक्स असले तर एक भरलेला आणि दुसरा रिकामा दिसू शकतो. फेब्रुवारी २०२० मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर काही जणांचा कॉम्प्युटर तात्पुरत्या प्रोफाइलने सुरू होत होता. त्यांना आपल्या सगळ्याच फायली उडाल्यासारखं वाटलं, पण त्या बहुतेकदा नाव बदललेल्या फोल्डरमध्ये सापडल्या. म्हणून फायरफॉक्स असेल तर अॅड्रेस बारमध्ये 'अबाउट:प्रोफाइल्स' (about:profiles) उघडून यादी बघा, क्रोम असेल तर 'क्रोम:व्हर्जन'च्या (chrome://version) पानावर प्रोफाइलचा पत्ता असतो तो बघा. डेस्कटॉपवर 'ओल्ड फायरफॉक्स डेटा' नावाचं फोल्डर आलंय का तेही पाहा. फायरफॉक्स रिफ्रेश झाला, म्हणजे त्याने स्वतःला नव्याने मांडलं, की जुनं प्रोफाइल तिथे ठेवलेलं असतं. हे सगळं बघून होईपर्यंत ब्राउझर अनइन्स्टॉल करू नका, आणि सिंकमध्ये लॉग-इन तर मुळीच करू नका. का, ते पुढे येईलच.

सिंकची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. लॅपटॉप चोरीला गेला, हार्ड डिस्क बसली, चहा सांडला, अशा वेळी सिंकइतकं सोयीचं काही नाही. नव्या मशीनवर खातं जोडलं की थोड्या वेळात बुकमार्क आणि पासवर्ड हजर होतात. काही लक्षात ठेवावं लागत नाही, कुठली ड्राइव्ह जोडावी लागत नाही. फोनवर तर पर्यायच नाही, कारण तिथे ब्राउझरच्या प्रोफाइल फोल्डरपर्यंत सामान्य माणसाचा हात पोचत नाही. आपल्या हातून बॅकअप होत नाही हे ज्यांना पक्कं माहीत आहे, त्यांनी सिंक डोळे झाकून चालू ठेवावं. काहीच नसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

पण सिंकमध्ये काय येत नाही, हे एकदा बघून ठेवावं. एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांची, यादी येते, त्यांच्या पोटातला डेटा बहुतेकदा येत नाही. एक्स्टेन्शनला सिंकमध्ये ठेवायला जी जागा मिळते ती जेमतेम १०० केबीची असते, म्हणून नोट्स किंवा टॅबचे गट सांभाळणारी बरीच एक्स्टेन्शन्स सगळं त्याच मशीनवर ठेवतात. वेबसाइट्सनी ब्राउझरमध्ये साठवलेला डेटा येत नाही, चालू लॉग-इन येत नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये अँड्रॉइडवरच्या क्रोम ७९ मध्ये नेमका हाच डेटा अडकला होता. अपडेटमध्ये फोल्डरची जागा बदलली आणि सगळा डेटा नव्या जागी नेला गेला नाही, त्यामुळे ब्राउझरच्या इंजिनावर चालणारी कितीतरी अॅप्स कोरी उघडली. अपडेट निम्म्या फोनवर पोचल्यावर गूगलने ते थांबवलं. त्या डेटासाठी सिंक असून-नसून सारखंच होतं.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझा कौल फिरला तो एकाच गोष्टीमुळे: सिंकमध्ये मागच्या तारखेला जाता येत नाही.

झालं असं की कामाच्या लॅपटॉपवर एका अपडेटनंतर ब्राउझर उघडला तेव्हा बुकमार्कचं झाड अर्धवट दिसत होतं. वरची फोल्डर्स होती, त्यांच्या आतलं बरंचसं नव्हतं. कोणता ब्राउझर ते सांगत नाही, त्याने फरक पडत नाही. मनात म्हटलं, काळजी नाही, फोनवर सगळं आहे. फोनवर बुकमार्क उघडले आणि खरंच सगळं होतं. संदर्भासाठी जमवलेल्या लिंकांचं मोठं फोल्डर उघडून मी खाली सरकत होतो, तेवढ्यात यादी एकदा हलली आणि मधल्या ओळी गेल्या. आणखी थोड्या वेळाने ते फोल्डरच रिकामं झालं. लॅपटॉपवर जे बिघडलं होतं ते सिंकने इमानेइतबारे फोनवर आणून ठेवलं. खात्याच्या पानावर जाऊन 'मागच्या आठवड्यात होतं तसं परत द्या' असं म्हणायला कुठे जागा सापडली नाही.

नेहमी असंच होतं असं मी म्हणणार नाही. ब्राउझर अगदी कोऱ्या प्रोफाइलने उघडला तर सिंक सहसा खात्यातलं सगळं खाली आणतं आणि माणूस सुटतो. अर्धवट बिघाडात मात्र 'हे गेलं' आणि 'हे मालकाने पुसलं' यांतला फरक त्याला कळेलच याची खात्री नाही, आणि अपडेटचे बिघाड बरेचदा अर्धवटच असतात. म्हणूनच वर म्हटलं, आधी लॉग-इन करू नका. दुसऱ्या डिव्हाइसवर डेटा शाबूत असेल तर ब्राउझर उघडण्याआधी तिथलं वाय-फाय आणि मोबाइल डेटा बंद करा, मग काय आहे ते बघा. सिंक हा बॅकअप नाही असं फायरफॉक्सच्या मदतीच्या पानांवर तो बनवणारी मोझिला स्वतःच सांगते. तिथे आणखी एक मेख आहे. सिंकचा डेटा तुमच्या पासवर्डने कुलूपबंद असतो, त्यामुळे पासवर्ड विसरून रीसेट केला आणि रिकव्हरी की (अशा वेळेसाठी आधीच काढून ठेवायची वेगळी किल्ली) जवळ नसली, तर सर्व्हरवरचा डेटा पुसला जातो. अपडेटने लॅपटॉप कोरा केलेला आणि खात्याचा पासवर्डही आठवत नाही, असे दोन्ही योग एकत्र यायला वेळ लागत नाही, कारण तो पासवर्डही बहुधा त्याच ब्राउझरमध्ये साठवलेला असतो.

त्या दिवशी कामी आली ती एक्स्टर्नल ड्राइव्हवरची प्रत. नेट बंद केलं, ब्राउझर पूर्ण बंद केला, बिघडलेलं फोल्डर नाव बदलून बाजूला ठेवलं आणि जुनं त्याच्या जागी आणलं. ब्राउझर उघडला तर बुकमार्क, पासवर्ड, प्रत काढली त्या दिवशीचे उघडे टॅब आणि एका एक्स्टेन्शनमधल्या माझ्या नोंदी, सगळं जसंच्या तसं. सिंकचं खातं तोडून पुन्हा जोडलं तेव्हा खात्यातही जुना डेटा परत गेला. प्रत काढल्यानंतरच्या मधल्या काळातलं गेलं ते गेलं, पण ते थोडं होतं आणि आठवून भरता आलं.

फसलेल्या अपडेटच्या बाबतीत प्रतीचा आणखी एक फायदा आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. अपडेट नको म्हणून जुन्या आवृत्तीवर परतलात, तर नव्या आवृत्तीने एकदा हाताळलेलं प्रोफाइल जुना फायरफॉक्स उघडायला नकार देतो आणि नवं कोरं प्रोफाइल बनवायला सांगतो. क्रोमही प्रोफाइल नव्या आवृत्तीचं असल्याची तक्रार करतो. अपडेटच्या आधी काढलेली प्रत असेल तर ही अडचणच येत नाही, ती जुन्या आवृत्तीत सरळ उघडते.

प्रतीचे तोटेही सांगायला हवेत. ब्राउझर चालू असताना काढलेली प्रत भरवशाची नसते, कारण इतिहास आणि बुकमार्कच्या डेटाबेसमध्ये त्या वेळी लिखाण चालू असतं. फायरफॉक्सच्या प्रोफाइलमधल्या 'लॉगिन्स' आणि 'की४' या दोन फायली एकत्र कोणाच्या हाती लागल्या आणि प्रायमरी पासवर्ड, म्हणजे साठवलेल्या सगळ्या पासवर्डवरचं एकच कुलूप, घातलेला नसला, तर तुमचे सगळे पासवर्ड त्याला वाचता येतात. त्यामुळे ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेली हवीच, यात तडजोड नको. क्रोमचं उलटं आहे. विंडोजवर त्याचे पासवर्ड तुमच्या विंडोज खात्याच्या किल्लीने बंद असतात, आणि २०२४ मधल्या १२७ व्या आवृत्तीपासून कुकीजचं कुलूप आणखी घट्ट झालंय. त्याच मशीनवर प्रत परत ठेवली तर ठीक, पण दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन पासवर्ड मिळतील ही आशा धरू नये. म्हणजे क्रोमवाल्यांसाठी माझ्या आवडत्या पर्यायाची बाजू थोडी लंगडी आहे, हे मान्य. बुकमार्क मात्र त्याच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात आणि शेजारीच त्यांची एक जुनी प्रतही असते, ती बघायला विसरू नका.

बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये आणि पासवर्ड सीएसव्हीमध्ये एक्स्पोर्ट करणं हा तिसरा मार्ग. बुकमार्कपुरता तो उत्तम आहे. पासवर्डची सीएसव्ही म्हणजे उघडा कागद, ती डिस्कवर पडून राहू देऊ नका.

दोन्ही पर्याय हात टेकतात अशीही एक वेळ असते. जुलै २०२४ मध्ये क्रोम १२७ च्या वेळी विंडोजवरच्या बऱ्याच जणांना आपले साठवलेले पासवर्ड जवळपास १८ तास दिसतच नव्हते. चूक गूगलच्या बाजूने झालेल्या बदलात होती आणि पासवर्ड पुसले गेले नव्हते, फक्त दिसत नव्हते. अशा वेळी सिंक काय किंवा प्रत काय, ब्राउझरच दाखवत नाही म्हटल्यावर उपयोग नाही. बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड ब्राउझरबाहेरच्या एखाद्या पासवर्ड मॅनेजरमध्येही असावा, असं मला तेव्हापासून वाटतं.

तर ज्यांचं सगळं काम फोनवर चालतं, किंवा ज्यांच्या ब्राउझरमध्ये चार बुकमार्क आणि दहा पासवर्डच आहेत, त्यांना सिंक पुरेल. ज्यांनी वर्षानुवर्षं लिंका, टॅब, एक्स्टेन्शनमधल्या नोंदी जमवल्या आहेत, त्यांनी एकच काही करायचं असेल तर प्रत काढावी, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. सिंक सोबतीला असू द्यावं. मीही ते बंद केलेलं नाही.

माझी पद्धत साधी आहे. मोठ्या आवृत्तीचं अपडेट येणार असं दिसलं की ब्राउझर बंद करतो, प्रोफाइल फोल्डर ड्राइव्हवर टाकतो आणि फोल्डरच्या नावात तारीख घालतो. जुन्या दोन-तीन प्रती राहू देतो, कारण बिघाड लगेच लक्षात येतोच असं नाही. फायरफॉक्स स्वतःही बुकमार्कच्या तारीखवार प्रती प्रोफाइलमध्ये ठेवत असतो, ठरलेल्या सेटिंगमध्ये १५ पर्यंत, त्यामुळे एका फोल्डरबरोबर मागचे काही दिवसही आपोआप हाती येतात. आणि प्रत काढली की नेट बंद करून ती एकदा वेगळं प्रोफाइल म्हणून उघडून बघा, पण मूळ प्रत नव्हे, तिची आणखी एक नक्कल. पासवर्डची यादी उघडून एखादा पासवर्ड दिसतोय का ते तपासा. तो दिसला की ड्राइव्ह काढून ठेवायला हरकत नाही.