टी-शर्ट झकास, शर्ट ठीक, बांबूची पँट अजिबात घेऊ नका

जुने टी-शर्ट काखेत फाटायला लागले तेव्हा ठरवलं की आता घेईन ते नीट बघूनच, म्हणून एका स्वतःला सस्टेनेबल म्हणवणाऱ्या ऑनलाइन दुकानातून दोन टी-शर्ट, एक शर्ट आणि एक बांबूची पँट मागवली. दुकानाचं नाव लिहीत नाहीये, कारण असले घोळ बऱ्याच ठिकाणी असतात. तीन महिने वापरून, धुऊन मग लिहितेय.

टी-शर्टना पैकीच्या पैकी. कापड जाड, वीण घट्ट, उलटा करून बघितला तर एक सुटा दोरा नाही, आणि इतक्यांदा धुऊनही गळा लोंबला नाही, रंग थोडा उतरला बस. आत गॉट्सचा, म्हणजे ऑरगॅनिक कापडासाठीच्या जागतिक प्रमाणपत्राचा, लोगो होता, त्याखाली सर्टिफिकेट देणाऱ्याचं नाव आणि लायसन्स नंबर. तो नंबर गॉट्सच्या साइटवर टाकला तर खरंच कंपनी सापडली! हा लोगो असला की निदान 70 टक्के धागा ऑरगॅनिक असावाच लागतो, लेबलवर सरळ 'ऑरगॅनिक' लिहायचं तर 95, आणि मुख्य म्हणजे सूतगिरणीपासून शिवणाऱ्यापर्यंत सगळी साखळी तपासलेली लागते, कामगारांच्या अटीसुद्धा त्यात येतात.

शर्टाचं मात्र वेगळंच. साइटवर लिहिलेलं 'गॉट्स सर्टिफाइड कापडापासून', मी खूश, आणि हातात आला तर लोगो कुठेच नाही. मेल केला, चार दिवसांनी उत्तर, की कापड सर्टिफाइड आहे पण शिलाई दुसरीकडे होते. कुठे? त्यावर गप्प. आता मला सांगा, एथिकल म्हणून विकताय आणि शिवलं कोणी तेच सांगता येत नाही? 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली आणि 1100 हून जास्त माणसं गेली, त्यातली बहुतेक शिवणकाम करणारीच होती ना. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले म्हणून खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली, वरच्या गारमेंटवाल्यांना मात्र कामावर बोलावलं. म्हणून कापूस कितीही शुद्ध असला तरी माझा प्रश्न शिलाईपाशीच अडतो. बाकी फिटिंग छान आहे, बटणंही पक्की, तरी मी दुसरा घेणार नाही.

आणि ती पँट. साइटवर हिरवीगार पानं, 'नैसर्गिक बांबू', आणि आतल्या बारीक लेबलवर काय तर व्हिस्कोस. म्हणजे बांबूचा लगदा करून कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडमधून काढलेला धागा, आणि हे दुसरं रसायन कारखान्यातल्या माणसांच्या नसांवर परिणाम करतं. अमेरिकेत तर रेयॉनला (व्हिस्कोस त्यातलंच) बांबू म्हणून विकल्याबद्दल 2022 मध्ये दोन मोठ्या दुकानसाखळ्यांनी मिळून 55 लाख डॉलर दंड मान्य केलाय. पँटवर ओको-टेक्सचा 100 वाला शिक्का आहे, पण तो एवढंच सांगतो की तयार कपड्यात घातक रसायनं ठराविक मर्यादेच्या आत आहेत, कोणी कसं बनवलं याच्याशी त्याचा संबंध नाही. लगद्याचंच कापड हवं असेल तर लायोसेल बघा, त्यात लगदा विरघळवायचं रसायन जवळजवळ सगळं परत वापरतात. बरं हे सगळं सोडा, दुसऱ्याच धुण्यात मांड्यांपाशी गोळे आले.

पॅकिंग कागदी, चांगलं होतं, प्रत्येक कपड्याला बिया घातलेला टॅग, मातीत लावा म्हणे. मी लगेच सगळे लावून टाकले, कुंडीही शोधून आणली. मग पँट परत करायला गेले तर टॅगशिवाय माल परत घेत नाहीत. आणि कुंडीत अजून काहीही उगवलेलं नाही.