‘टँक जेवढा, मासा तेवढाच वाढतो’ म्हणून सांगलीत मला गंडवलं, तुम्ही तरी जपा

परवा आमच्या अपार्टमेंटमधल्या एकाने मोबाईलवर फोटो दाखवला, म्हणाला हा मासा घेतोय पोरासाठी, आणि फोटो बघून माझ्या पोटात गोळाच आला. तोच मासा, रेडटेल कॅटफिश. काळी पाठ, पांढरं पोट, लालभडक शेपटी, लांब मिशा. म्हणून हे सगळं लिहायला बसलोय, कारण मला जे सांगून विकलं तेच त्यालाही सांगितलंय, शब्द न शब्द तोच.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीची गोष्ट. पोरगा सातवीत, त्याचा हट्ट, म्हणून सांगलीतल्या एका दुकानात गेलो. दुकानदार गोड बोलणारा. ३ इंचाचं पिल्लू दाखवलं, १४०० रुपये. मी विचारलं किती मोठं होतं हो हे, तर म्हणाला, "दादा, टँक जेवढा, मासा तेवढाच वाढतो, काळजी करू नका, आणि लईच मोठा झाला तर आणून द्या, मी चांगल्या भावात परत घेतो." पाण्याचं विचारलं तर म्हणे फिल्टर आहे की, पाणी बदलायची गरजच नाही, नुसतं कमी झालेलं भरत जा आणि आठवड्याला हे निळं औषध १० थेंब टाका. २०० लिटरचा टँक म्हणून स्टँड, फिल्टर, लाईटसकट ९५०० घेतले. सोबत चार गोल्डफिश पण दिले, सगळे एकत्र राहतात म्हणून.

गोल्डफिश दोन महिन्यांत एकेक करून गायब. शेवटचा गेला त्या सकाळी ह्याचं पोट असं टम्म फुगलेलं की पोरगा रडायलाच लागला. दुकानदाराला फोन केला तर म्हणे भूक लागली असेल, कोंबडीचं काळीज घाला. घातलं. पाण्यावर तेलाचा तवंग यायला लागला, वास मारायला लागला, तरी आम्ही पाणी बदललं नाही कारण बदलायचं नाही असं सांगितलं होतं ना. फिल्टरचा स्पंज तेवढा दर रविवारी नळाखाली खळखळून धुवायचो, तेही त्यानेच सांगितलेलं.

सातव्या महिन्यात मासा तळाला पडून राहायला लागला, खाणं सोडलं. परत फोन. म्हणाला, "अर्धं पाणी काढा, बोअरचं ताजं भरा आणि औषध २० थेंब टाका." तसंच केलं. अर्ध्या तासात मासा वर येऊन तोंड वासून धापा टाकायला लागला, परांमध्ये लाल रेघा उमटल्या. आम्ही तिघं टँकपुढे उभे, काय करावं कळेना.

शेवटी ओळखीतून मिरजेच्या एका काकांना फोन लावला, वीस वर्षं अरोवाना नावाचे मोठे मासे पाळतात ते. रात्री नऊला स्कूटरवरून पाणी तपासायचं टेस्ट किट घेऊन आले, देवमाणूस. बादलीत काढून ठेवलेलं जुनं पाणी नळीत घेऊन थेंब टाकले तर पीएच पार खाली, म्हणजे पाणी आंबट झालेलं, पिवळाधमक रंग. बोअरचा निळा. अमोनियाची नळी हिरवीगार, जी पिवळीच राहायला पाहिजे. नायट्रेटची तर लालबुंद.

त्यांनी मग समजावून सांगितलं ते असं. मासा खातो, त्याच्यातून अमोनिया निघतो, तो विषारी. स्पंजमध्ये जे बॅक्टेरिया वाढतात ते अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि त्याचं पुढे नायट्रेट करतात. फिल्टरचं काम इथे संपतं. नायट्रेट फिल्टर काढत नाही, ते पाणी बदलूनच निघतं, मोठा मांसाहारी मासा असेल तर आठवड्याला तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी. आणि आम्ही तर नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात स्पंज धुऊन आणि ते निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, टाकून टाकून बॅक्टेरियाच मारत होतो. ते औषध आजारी माशाला वेगळ्या टबात द्यायचं असतं, चालू टँकमध्ये दर आठवड्याला नाही. पाणी महिनोन् महिने न बदलल्यामुळे त्यातले क्षार संपून पीएच खाली गेलेला, तशा पाण्यात अमोनियाचं विष जरा दबून असतं. एकदम बोअरचं जड पाणी ओतलं, पीएच वर गेला आणि ते दबलेलं विष मोकळं झालं. मासा धापा टाकत होता तो त्यामुळे.

त्या रात्री एअर पंप फुल केला, चार दिवस खाणं बंद, मग रोज २० लिटर, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं आणि अँटिक्लोरीन, म्हणजे क्लोरीन मारायचं औषध, टाकलेलं पाणी. पंधरा दिवसांनी कोळंबी खाल्ली त्याने. हिने देवापुढे साखर ठेवली.

काकांनीच टेप लावून टँक मोजला. आतून ९१ बाय ३८ बाय ३८ सेंटिमीटर. गुणा आणि हजाराने भागा, १३१ लिटर येतात. ते पण काठोकाठ, वर ५ सेंटिमीटर सोडले तर ११४. २०० कुठून आले? म्हणजे माशाचं खोटं, पाण्याचं खोटं आणि टँकचं माप पण खोटं.

हा मासा ॲमेझॉन, ओरिनोको नद्यांमधला, मीटरच्या वर वाढतो. घरात ठेवायचा तर १० फूट लांब आणि ६ फूट रुंद हौद पाहिजे, टँक नाहीच. टँक बघून मासा वाढायचा थांबत नाही. घाण पाण्यात आणि अडचणीत तो खुंटतो, वाकडा होतो आणि आयुष्य संपायच्या आत मरतो, त्यालाच हे लोक ‘टँकएवढाच राहिला’ म्हणतात.

दहाव्या महिन्यात आमचा १५ इंच झाला. टँकची रुंदी पण तेवढीच. वळताना शेपूट काचेला घासायची, टोकाची लाल कातडी सोलून पांढरी दिसायला लागली होती. रात्री अंधारात थपथप आवाज यायचा, झोप लागायची नाही मला.

कुणी म्हणालं कृष्णेत सोडा. नाही सोडला. चिलापी पण बाहेरूनच आलेली, आज मासळी बाजारात बघा किती असते, आणि काच साफ करणारा सकर मासा उजनीत जाळ्यात येतो तो असाच कुणाच्या तरी घरचा. नदीची वाट लावून आपली सुटका करायची नाही.

दुकानात नेला. तेव्हाचा चांगला भाव बोलणारा माणूस आता म्हणतो, "एवढ्या मोठ्याला गिऱ्हाईक नाही साहेब, जागा अडते, ५०० देतो." दुसरा इलाज नव्हता, दिला. चौथ्या दिवशी त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसला आमचाच मासा, शेपटीचं ते सोललेलं टोक ओळखलं पोराने, खाली लिहिलेलं ७०००. मी तडक गेलो तर म्हणे विकला पण, कुणाला ते आठवत नाही. ५०० ला घेऊन ७००० लावले याचा राग आहेच, पण तो कुठल्या पेटीत आहे हे कळेना याचं जास्त लागलं. पोरगा अजून विचारतो.

ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ ला, फोन केला. पहिलाच प्रश्न, बिल आहे का? माझ्याकडे पाठकोऱ्या कागदावर पेनाने लिहिलेली बेरीज, ना दुकानाचं नाव ना तारीख.

तर अपार्टमेंटमधल्या त्या भाऊंना मी एवढंच सांगितलं की पक्कं बिल मागा, त्यावर माशाची जात, पूर्ण वाढ किती इंच, टँकचं आतलं माप, काच किती एमएमची आणि परत घेणार असेल तर किती रुपयांना हे सगळं लिहून घ्या. ते काल जाऊन आले. दुकानदार म्हणाला असं लिहून कुणीच देत नाही. भाऊंनी पिल्लू तिथंच ठेवलं. मग ऑस्कर नावाचा मासा घेऊ का विचारत होते, तर म्हटलं एका ऑस्करला पण ४ बाय दीड बाय दीड फुटाचा टँक लागतो, सुमारे २५० लिटर, आणि दर आठवड्याला बादल्या उचलायची तयारी, आधी घरात टेप लावून भिंत मोजा. रविवारी मोजायला बोलावलंय मला.