भर उन्हात नवरा-नवरी: फ्लॅश की रिफ्लेक्टर?

वर्धा रोडवरच्या लॉनमध्ये मे महिन्यातलं लग्न मिळालेल्या एका पोराने विचारलं, "दादा, फ्लॅश घेऊ की रिफ्लेक्टर?" रिफ्लेक्टर म्हणजे उन्हाचा उजेड तोंडावर परतवणारी चकती, एका बाजूने चंदेरी, दुसऱ्या बाजूने पांढरी.

नागपूरचं बाराचं ऊन डोक्यावरून पडतं. डोळ्यांच्या खोबण्या काळ्या होतात आणि मुंडावळ्यांच्या सावल्या गालावर पट्ट्यांसारख्या उमटतात. त्या सावल्या भरायच्या, एवढंच काम.

खर्चात रिफ्लेक्टर कधीही स्वस्त, आणि त्याला सेलही लागत नाहीत. उजेड कुठे पडतोय ते डोळ्यांनी दिसतं. पण तो धरायला माणूस लागतो, वारा सुटला की त्याची पतंग होते. शिवाय चंदेरी बाजू तोंडावर मारली की नवरी डोळे मिटते. मी पांढरीच वापरतो.

फ्लॅशला माणूस नको, वरात चालू असतानाही फोटो निघतो. गोची वेगळीच आहे. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) १०० ला कडक उन्हात एफ २.८, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं ठेवलं तर शटर १/३२०० सेकंदाच्या आसपास जातं, आणि साधा फ्लॅश बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० ते १/२५० पर्यंतच साथ देतो. त्यापुढे हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरसोबत फ्लॅश चालवायची सोय) लागतं, आणि त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते. फ्लॅश जवळ आणावा लागतो. भराभर मारला तर तापून रुसतो, ते वेगळं. पॉवर एक-दीड स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमीच ठेव, नाहीतर शालूची जर पांढरी फटक.

निवांत जोडीचे फोटो आणि हाताशी पोरगा असेल तर रिफ्लेक्टर. एकटा असशील, वरात-घोळका टिपायचा असेल तर फ्लॅश.