नाशिकच्या इंदिरानगरचं पाळणाघर : पाचातले चार तारे

आधी दुसऱ्या एका पाळणाघराबद्दल. तिथे आम्ही दोघं मुलाला घेऊन गेलो. "आई नाही आली?" म्हणून विचारलं. म्हटलं, आई नाही, आम्ही दोघंच वडील. लगेच "जागा भरल्या हो." बाहेर 'प्रवेश सुरू'चा बोर्ड लटकतोय! ऑफिसातल्या वहिनींना फोन करायला लावला, तर तीन जागा रिकाम्या.

म्हणून इथे मी एकटाच गेलो. सिंगल फादर म्हणून सांगितलं. कागदोपत्री ते खरंच आहे. आमच्यासारख्यांच्या लग्नाला सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये मान्यता नाकारली, आणि जोडप्याने दत्तक घ्यायचं तर 'कारा'ला (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) दोन वर्षांचा संसार लागतो, तोही नवरा-बायकोचा. त्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीच्या आदेशावर माझं एकट्याचंच नाव. (एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळतच नाही, हेही तेव्हाच कळलं.) तापात रात्रभर पोराला खांद्यावर घेऊन फिरणारा मात्र कागदावर कोणीच नाही.

तिसऱ्या आठवड्यात सातपूरला माझी शिफ्ट लांबली. आणायला माझा जोडीदार गेला. पोरगं "बाबा!" करत धावत सुटलं. मला ते पप्पा म्हणतं. पाळणाघरच्या काकूंनी त्याला दारातच थांबवलं आणि मला फोन लावला. मशीनच्या आवाजात, एका कानावर हात दाबून, मी सगळं सांगून टाकलं. पलीकडे शांतता. मग, "बरं. यांचा एक फोटो आणि आधारची झेरॉक्स द्या, रजिस्टरला लावते. अनोळखी माणसाकडे मी पोर देत नाही. आणि नॅपकिन दोन पाठवत जा, रोज एक हरवतो."

दुसऱ्या दिवशी फॉर्मवर 'आईचे नाव' निळ्या पेनाने खोडून वर 'पालक २' लिहिलेलं होतं.

सगळं गोड नाही. एका मुलीच्या आईने वाढदिवसाला आमच्या पोराला सोडून सगळ्यांना बोलावलं. त्यात काकूंचा दोष नाही. आम्ही त्या संध्याकाळी त्याला सोमेश्वरला नेलं, कणीस खाऊ घातलं. तारा कापला तो टीव्हीसाठी. चारनंतर कार्टून सुरू, ते बंदच होत नाही. आणि साडेसहाला एक मिनिट उशीर झाला की पन्नास रुपये. मुंबई नाक्याचा ट्रॅफिक त्यांना मान्य नाही.

डब्यातली खिचडी उत्तम, तिखट बेताचं. चौकशीला जायचं तर एक ते तीन सोडून जा, पोरं झोपलेली असतात आणि बेल वाजवलेली काकूंना चालत नाही.