स्टेजचं नाव घरात चालवावं का? नाव बदलायच्या विचारात असलेल्या कलाकारांसाठी

लता मंगेशकर दिलीपकुमारांना 'युसूफभाई' म्हणायच्या. अख्खा देश ज्यांना दिलीपकुमार म्हणून ओळखत होता, ते स्वतःच्या घरात युसूफच राहिले. 'ज्वार भाटा' (१९४४) या पहिल्या सिनेमाच्या वेळी बॉम्बे टॉकीजच्या देविका राणींनी त्यांना नवं नाव दिलं. वडील फळांचे व्यापारी, सिनेमाच्या विरोधात. त्यामुळे नवं नाव मुलाला घरच्यांपासून लपायलाही कामी आलं. पुढे सगळं उघड झालं, घरानं स्वीकारलं, तरी भावंडांनी युसूफ सोडलं नाही.

आता लतादीदींचंच पाहा. त्यांचं जन्मनाव हेमा. दीनानाथांच्या 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून ते लता झालं आणि हेमा हे नाव मागे पडलं. आडनावही असंच बदललेलं: घराणं हर्डीकर, दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर लावलं आणि साऱ्या कुटुंबाचं तेच झालं. म्हणजे कलाकार खाजगीत जन्मनाव वापरतात का, या प्रश्नाला सरसकट हो किंवा नाही असं उत्तर नाहीच. पहिलं गाणं किंवा पहिली मालिका येण्याआधी तुम्ही नवं नाव घ्यायचं म्हणत असाल, तर या दोन टोकांच्या मध्ये कुठे उभं राहायचं ते आधीच ठरवलेलं बरं. पुढे ते लोकच ठरवून टाकतात.

दोन नावं वेगवेगळी ठेवण्याचं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण रजनीकांतचं. बंगळुरातल्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड, बसवर कंडक्टर. तमिळ पडद्यावर शिवाजी गणेशन आधीच होते, म्हणून १९७५ मध्ये दिग्दर्शक के. बालचंदर यांनी आपल्याच एका जुन्या पात्राचं नाव या पोराला देऊन टाकलं. मद्रासमध्ये तो रजनी झाला; बंगळुरात बसवरच्या जुन्या सोबत्यांसाठी शिवाजीच राहिला. हे टिकलं, कारण दोन नावांची दोन गावं होती. तुमचे कॉलेजातले मित्र आणि कामातले मित्र एकच असतील, सगळे पुण्यातल्या एकाच एकांकिकेच्या ग्रुपमधले असतील, तर अशी वाटणी फार दिवस चालत नाही. महिनाभरात कोणीतरी तालमीत जुन्या नावानं हाक मारतं आणि तेच रूढ होतं.

तसं झालं तर बिघडतं का? मला नाही वाटत. हरिहर जेठालाल जरीवाला पडद्यावर संजीवकुमार होते, पण स्टुडिओतली माणसं त्यांना हरीभाई म्हणत. जन्मनाव बाहेर पडलं आणि उलट जिव्हाळ्याचं झालं. मराठी रंगभूमीवर तर हीच रीत होती. पाटीवर 'बालगंधर्व', कंपनीत आणि घरी नारायणराव. टिळकांनी दिलेली पदवी महाराष्ट्रभर झाली, तरी नारायण श्रीपाद राजहंसांना नाटकातली माणसं नारायणराव म्हणूनच हाक मारत. सवाई गंधर्व जवळच्यांचे रामभाऊ होते. पदवी डोक्यावर, नाव जिभेवर. ज्यांना जन्मनाव आवडतं आणि ते फक्त पोस्टरवर बसत नाही, त्यांनी याच वाटेनं जावं असं मी मनापासून सांगेन.

कुमार गंधर्वांचं मात्र वेगळं झालं. सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली या मुलाला लहानपणीच ही उपाधी मिळाली आणि तिनं नावच गिळून टाकलं. शिष्यांपासून रसिकांपर्यंत सगळ्यांसाठी ते कुमारजी. पण पुढच्या पिढीकडे बघा. मुलगा मुकुल शिवपुत्र, मुलगी कलापिनी कोमकली. वडिलांनी स्टेजवर मागे ठेवलेलं नाव आणि आडनाव, दोन्ही मुलांनी गायनाच्या मैफिलीत परत आणलं. याच्या अगदी उलट बार्शीचे शाहीर अमर शेख. त्यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांच्या कन्या, कवयित्री मल्लिका अमर शेख, वडिलांचं घेतलेलं नावच आपल्या नावापुढे लावतात. नाव निवडताना सहसा कोणी हा विचार करत नाही, पण करायला हवा: तुमच्या मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर काय लागणार? स्टेजचं नाव फक्त पहिलं असेल तर प्रश्न येत नाही. आडनावही नवं घेतलंत, तर एक दिवस मुलं विचारणारच.

बायकांच्या बाबतीत यात लग्नाचीही भर पडते. उषा मराठे पडद्यावर उषा किरण झाल्या, लग्नानंतर घरी खेर. पण प्रेक्षकांसाठी नाव हललं नाही. नलिनी सराफ मात्र सीमा झाल्या आणि लग्नानंतर श्रेयनामावलीतही सीमा देव. कामाचं नाव लग्नाआधीच पक्कं केलेलं असलं तर ते आयुष्यभर एकच ठेवता येतं, हा नवं नाव घेण्याच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे आणि तो पुरेसा बोलला जात नाही.

आणखी एक प्रकार आहे, तिसऱ्या नावाचा. महजबीन बानो घरच्यांची मुन्ना होती, पडद्यावर मीनाकुमारी आणि पती कमाल अमरोहींसाठी मंजू. अमरोही त्यांच्यासाठी चंदन. घरचं नाव लहानपणाचं, पडद्यावरचं सगळ्यांचं, म्हणून एका माणसापुरतं वेगळं नाव हवंसं वाटतं. हे ठरवून होत नाही, त्यामुळे सल्ला देण्यासारखं इथे काही नाही.

आता कागदपत्रं. खरा त्रास इथेच होतो, आणि नवी मुलं नेमकं याकडेच दुर्लक्ष करतात. इंग्लंडमधली दोन उदाहरणं समोरासमोर ठेवण्यासारखी आहेत. अभिनेते मायकेल केन यांनी साठ वर्षं पासपोर्टवर मॉरिस मिकलव्हाइट हेच जन्मनाव ठेवलं; विमानतळावर चेहरा एक आणि नाव दुसरं, म्हणून तपासणीत अडकून अडकून कंटाळले आणि २०१६ मध्ये कायद्यानं मायकेल केन झाले. गायक डेव्हिड बोवी मात्र २०१६ मध्ये वारले तेव्हाही कागदावर डेव्हिड रॉबर्ट जोन्सच होते; मृत्युपत्र त्याच नावाचं. गायक एल्टन जॉननं १९७२ मध्येच रेजिनाल्ड ड्वाइट हे नाव कायद्यानं टाकून दिलं होतं. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बुलसारा तर स्टेज मिळण्याच्या कितीतरी आधी, वसतिगृहातच फ्रेडी झाला होता; 'क्वीन' बँडचा गायक म्हणून जग ओळखतं ते मर्क्युरी मागाहून आलं.

आपल्याकडे काय होतं ते सांगतो. कार्यक्रमाचे आयोजक तुमचं तिकीट पोस्टरवरच्या नावानं काढतात आणि विमानतळाच्या दारावर जवान तिकीट आणि आधार कार्ड शेजारी धरून बघतो. नाव जुळत नाही. मग आयोजकाला फोन, विमान कंपनीच्या खिडकीवर विनवण्या, आणि संध्याकाळी साउंड चेक. मानधनाचंही तेच. करार स्टेजच्या नावानं झाला आणि पॅन जन्मनावाचं असलं, तर मानधनातून आधीच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, तुमच्या खात्यात दिसेपर्यंत हिशेबनिसाच्या मागे लागावं लागतं. याला उपाय सोपा आहे: करारात पहिल्या ओळीत 'अमुक ऊर्फ तमुक' असं दोन्ही लिहून घ्यायचं, बँक आणि पॅनचा उल्लेख जन्मनावानं करायचा, आणि श्रेयनामावलीत कोणतं नाव जाईल त्याचं वेगळं कलम टाकायचं. तिकिटासाठी आधारवरचं नाव सुरुवातीलाच कळवून ठेवायचं.

जन्मनाव गुप्त ठेवायचं असेल, उदाहरणार्थ घरच्यांना त्रास नको म्हणून, तर हा उपाय पुरत नाही. रिक्षाचे पैसे यूपीआयने दिले तरी समोरच्याच्या फोनवर बँकेतलं नाव उमटतं. मग महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलून घ्यावं लागतं: अर्ज, पुरावे, फी, नाव छापून आलं की ती प्रत घेऊन आधार, पॅन, बँक, पासपोर्ट. शाळा-कॉलेजच्या गुणपत्रिका जुन्या नावाच्या राहतात, त्यामुळे राजपत्राची प्रत जन्मभर सांभाळावी लागते. आणि गंमत अशी की राजपत्रात जुनं आणि नवं नाव शेजारी शेजारी छापलेलं असतं. म्हणजे पूर्ण गुप्तता तिथेही नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. पहिली काही वर्षं कागदाला हात लावू नका. नाव चालतं की नाही हेच अजून ठरायचं असतं. रॅप करणाऱ्या मुलांची नावं तर दोन-तीनदा बदलतात. घरी जुनंच राहू द्या, आईला नवं नाव म्हणायला लावू नका. परदेश दौरे सुरू झाले, किंवा जुनं नाव ऐकल्यावर तुम्हालाच ते आपलं वाटेनासं झालं, तर राजपत्राकडे जा. जन्मनावाशी दुखरं काही जोडलेलं असेल, तर मात्र थांबू नका, पहिल्याच दिवशी बदला, आणि घरातल्यांनाही स्पष्ट सांगा. ते मागणं तुमच्या हक्काचं आहे. मधला मार्गही असतो: अक्षयकुमारनं राजीव भाटिया हे नाव मागे ठेवलं, पण आपल्या निर्मितीसंस्थेला वडिलांचं, हरी ओम, हेच नाव दिलं.

गाणी लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या रचनेचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. पण टोपणनावानं प्रकाशित झालेल्या रचनेची साठ वर्षं प्रकाशनापासूनच मोजली जातात, मुदत संपायच्या आत खरा लेखक उघड झाला नाही तर. विशीत लिहिलेल्या गाण्यासाठी हा फरक कित्येक वर्षांचा असतो आणि तो तुमच्या वारसांच्या खिशातून जातो. तेव्हा गाणं कुठल्याही नावानं काढा, पण त्यामागचं जन्मनाव उघड नोंदलेलं असू द्या.